आधी चौदा दिवस वही लिहा

"बाई, पोरगं लई उलटं बोलालंय, काय तरी सांगा की त्याला." बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या मराठी शाळांत मी एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाले तरी हे वाक्य दारात येतंच. रताळी काढायच्या दिवसांत जरा कमी येतं, कारण तेव्हा पोराकडं बघायला कुणाला सवड नसते. मी त्याला काही सांगत नाही. आईलाच म्हणते, चाळीस पानी वही घे आणि चौदा दिवसांनी ये.

वहीत तीन रकाने आखायचे. आधी काय झालं, पोरानं काय केलं, मग आपण काय केलं. वार आणि वेळ घालायची. विशेषणं लिहायची नाहीत. 'उद्धटपणा केला' हे चालणार नाही. 'ताट ढकललं, भात सांडला, दार आपटून गेला' हे चालेल. तिसरा रकाना बायका कोरा ठेवतात. तिथं 'मी दोन धपाटे घातले' किंवा 'शेवटी मोबाईल दिला' असं लिहावं लागतं ना! पण अर्धं उत्तर त्याच रकान्यात असतं.

एका आईची वही सांगते. मुलगा सातवीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत, आठवीला शहरातल्या हायस्कुलात घातलेला. रविवार, रात्री आठ: 'हीच भाजी का' म्हणून ताट ढकललं. सोमवार, मंगळवार, बुधवार: काही नाही. गुरुवार, रात्री साडेआठ: धाकटीच्या पाठीत बुक्की. पुढच्या आठवड्यातही तेच दोन वार. आईला वाटत होतं पोरगं रोजच भडकतंय. वहीत चौदा दिवसांत चारच वेळा निघालं. मग वेळापत्रक काढलं. सोमवारी आणि शुक्रवारी कन्नडच्या तासाला उभं राहून मोठ्यानं वाचायचं असायचं. याला अक्षरं येत होती, पण खाली लटकणारी जोडाक्षरं, ती ओत्तक्षरं, याच्या नजरेतून सुटायची आणि अख्खा वर्ग हसायचा. रागाच्या बुडाशी भीती होती.

तुम्हीही शाळेत जाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका, एकच छोटी मागणी न्या. त्या आईनं एवढंच मागितलं की महिनाभर याला उभं करू नका, आधी बाकावरच दोन ओळी वाचू द्या. सरांनी ऐकलं. घराजवळच्या किराणा दुकानातल्या अज्जांकडं, म्हणजे आजोबांकडं, रोज दहा मिनिटं कन्नड पेपर वाचायला बसवलं. दीड-दोन महिन्यांत ताट ढकलणं थांबलं. धाकटीला अजून मारतो, पण ते भावंडांचं भांडण. त्याची वही नको.

शाळेलाच जात नसेल तर घरी बसवून 'जरा बरं वाटू दे' म्हणणं घातक. घरी राहिलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेमुळंच दुसऱ्या दिवशीची भीती वाढते. फाटकापर्यंत, मग प्रार्थनेपर्यंत, मग दोन तास, अशा पायऱ्या करा. पण त्याआधी शाळेत कुणी मारतंय, अंगाला हात लावतंय का, हे विचारून घ्या. तसं असेल तर पायऱ्या बाजूला ठेवा, आधी पोराला वाचवा. 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन करा.

बोलताना समोरासमोर बसवू नका, ती चौकशी होते. शेंगा फोडताना, गाडीवर मागं बसवून, वैरण आणताना बोला. 'का केलंस' याला पोरांकडं उत्तर नसतं. 'कधी वाटतं तसं?' 'तेव्हा कोण होतं जवळ?' याला असतं.

आता माझी चूक. माझा मुलगा सहावीत असताना शाळेच्या वेळेला डोकं धरायचा. बाई मी, मला नाटकं कळतात, असं म्हणत महिनाभर रागावून पाठवला. डोळे तपासल्यावर दोन नंबरचा चष्मा निघाला. तेव्हा आधी डोळे, कान, झोप आणि रक्त बघा. देवाचा अंगारा लावायचा असेल तर लावा, सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन या, मी अडवत नाही. पण तपासणी त्यासाठी थांबवू नका.

मोबाईलचं एक गणित आहे. रडून मिळत असेल तर रडणं टिकतं. द्यायचं बंद केलं की पहिले काही दिवस रडणं कमी होत नाही, वाढतं. लोक तिथंच हरतात. पाच वेळा नाही म्हणून सहाव्यांदा दिला, की पोर शिकतं: सहा वेळा रडायचं. म्हणून सुरू करण्याआधी आज्जीला सामील करून घ्या. आमच्याकडं बहुतेक करार आज्जीच्या खोलीत मोडतात.

काही गोष्टी वहीनं सुटत नाहीत. चंचलपणा घरी आणि शाळेत दोन्हीकडं असेल, लहानपणापासून असेल, सहा महिन्यांहून जास्त टिकला असेल, तर डॉक्टरांना दाखवा. वयात आलेल्या पोरांचं नैराश्य रडवेलं दिसेलच असं नाही, चिडचिडं दिसतं; दोन आठवडे खेळ, जेवण, मित्र सगळंच सुटलं तर थांबू नका.

आणि 'मी नसलेलं बरं' असं बोललं, तर थेट विचारा, "मरावंसं वाटतंय काय रे तुला?" विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होय म्हणालं तर एकटं सोडू नका. ऊस-तंबाखूवर मारायची औषधं गोठ्याच्या कोनाड्यात उघडी असतात, ती त्याच दिवशी कुलपात घाला, किल्ली कमरेला. काही प्यायलंच तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, निकालादिवशी घरात कुणीतरी थांबा. नापास झालं तरी त्याच वर्षी परत परीक्षा देता येते, हे निकालाआधीच सांगून ठेवा.

14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा नंबर. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलतात. बेळगावात जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. त्याहून मोठं काम असलं तर धारवाडचं डिमहान्स, हे मनाच्या आजारांचं सरकारी रुग्णालय, बसनं दोनेक तास. जाताना पोराला 'इंजेक्शन देतील बघ' असं भेडसावू नका. खरं सांगून न्या. जुने कागद, शाळेचं प्रगतिपत्रक घ्या आणि वही घ्याच. डॉक्टरांकडं वेळ थोडा असतो, आणि आपण पोरासमोर तोच वेळ त्याची गाऱ्हाणी सांगण्यात घालवतो. वही टेबलावर ठेवा आणि पोराला बोलू द्या. भाकरी बांधून न्या, रांग मोठी असते.