गिटारवर लीड वाजवायला बसताय? आधी या चुका टाळा

क्लासला आलेला मुलगा जेमतेम कॉर्ड बदलायला लागला की विचारतो, "दादा, लीड कधी?" लीड म्हणजे कॉर्ड न धरता एकेक सूर काढत वाजवलेली धून. रीलवर कुणाची तरी बोटं भिरभिरताना पाहिलेली असतात. मग व्हिडिओ बघून मायनर पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचा पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरचा एकेक कप्पा) बॉक्स, म्हणजे बोटं ठेवायच्या जागांचा ठरलेला नकाशा, घोटायचा आणि आपल्याला इम्प्रोव्हाइज, म्हणजे ऐन वेळी सुचेल तसं वाजवणं, करता येतं असं समजायचं.

बॉक्स पाठ, 'सा' बेपत्ता. ही चूक चारचौघांत अंगाशी येते. मानपाड्याला एका सोसायटीच्या गणपतीत माझा एक विद्यार्थी वाजवत होता. गाणं ए मायनरचं, म्हणजे 'सा' पाचव्या फ्रेटवरच्या ए सुरावर, घरी भरपूर घोटलेलं. ऐन वेळी गायिका म्हणाली, "जरा वर घेऊया ना." कीबोर्डवाल्याने सगळे सूर अर्ध्या सुराने चढवणारं ट्रान्सपोजचं बटण एकदा दाबलं. पांढरी सहाचं (पेटीवरचा ए) गाणं लगतच्या काळी पाचवर गेलं आणि आमचे चिरंजीव पाचव्याच फ्रेटवर! सगळे सूर अर्ध्या सुराने खाली. काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलं, म्हणून त्याने काय करावं? अँपचा आवाज वाढवला. एक फ्रेट पुढे सरकला असता तर निभावलं असतं.

तेव्हापासून माझ्याकडे साथीचा रेकॉर्ड केलेला ट्रॅक सुरू झाला की गिटार मांडीवर आडवी. आधी 'सा' गुणगुणायचा, मग तो सहाव्या तारेवर शोधायचा, तिथे पहिलं बोट ठेवायचं आणि बॉक्स तिथून धरायचा. पेटी किंवा गाणं शिकलेल्यांना हे पटकन जमतं, कारण बॉक्समधले सूर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी, धानी रागाचेच.

दुसरी चूक म्हणजे न थांबता वर-खाली पळणं. खाली ए मायनर, एफ, सी, जी असे कॉर्ड बदलतायत आणि वर याची लोकल ठाण्याला न थांबता थेट कल्याणला. एफ आला की ए किंवा सी सुरावर थांबून बघा. जी आला की जी किंवा डीवर. मी पोरांना तीनच सूर देतो आणि दोन बार (तालाची दोन आवर्तनं) वाजवून दोन बार गप्प बसायला लावतो. ते दोन बार गप्प बसणं कुणालाच सोसत नाही.

तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा फुल बेंड, म्हणजे तार ताणून सूर दोन फ्रेट वर नेणं, मारताना आधी नववा फ्रेट वाजवून ऐका, सूर तिथवर पोचला पाहिजे. अंदाजे ताणलेली तार लगेच कळते.

ट्रॅक ७०च्या (मिनिटाला ७० ठोके) लयीत लावा. १२०ला लावून चुका झाकल्या जातात, एवढंच.

'सात दिवसांत लीड'वाले व्हिडिओ बघू नका.

आणि वाजवून झाल्यावर तारा सुक्या फडक्याने पुसत जा. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या लवकर गंजतात, मग बोट सरकत नाही आणि दोष स्केलला दिला जातो.