हरियाणाची म्हैस मुंबईत आणण्याआधी

रोहतक-हिसारकडची मुऱ्हा म्हैस हल्ली जोगेश्वरीच्या तबेल्यात बसून व्हॉट्सअ‍ॅपवर पसंत केली जाते. व्हिडिओ बघून भावाची बोलणी करायला हरकत नाही, इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, मात्र पाठवू नये. आधी आपलं घर बघा. महाराष्ट्राच्या १९७६च्या कायद्याप्रमाणे शहरात गुरं पाळायला परवाना लागतो; त्यावरच्या संख्येत नवी म्हैस बसत नसेल तर दूध न देणारी भाकड म्हैस आधी हलवा.

मग विक्रेत्याकडून कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर घ्या. लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाच्या लशीची नोंद त्यावर सापडते का, हे सरकारी दवाखान्यात विचारा. कितवं वेत (म्हणजे कितव्यांदा व्याली), कधी व्याली, पारडू जिवंत आहे का, हेही विचारून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची सगळ्यात बरी.

खरी परीक्षा धारेची, आणि ती फोनवर होत नाही. स्वतः जा, नाहीतर जाणता माणूस पाठवा. ओळीने तीन धारा समोर काढून घ्या. पहिली हिशेबात धरू नका. आदली धार चुकवून कास तुंबवलेली असू शकते. पुढच्या दोन मिळून दिवसाचं दूध. धारेआधी दूध उतरवायला कोणी सुई टोचत नाही ना, इकडे डोळा असू द्या. चारही सड वेगवेगळे पिळून बघा. गुठळी निघाली किंवा कास कडक लागली तर दगडी, म्हणजे कासेचा रोग, समजा. ब्रुसेलासाठी रक्त तपासून घ्या. हा गाभ टाकायला लावणारा रोग माणसालाही होतो. रिपोर्टपर्यंत थांबायला विक्रेता कुरकुरला तर सौदा सोडा. जाण्यायेण्याचा खर्च जड वाटत असेल, तर माझ्या मते लांबची म्हैस घेऊच नये.

गाडीचं थोडक्यात: पशुवैद्यकाचा दाखला आणि खरेदीची पावती सोबत हवी. मालट्रकमध्ये सहाच्या वर जनावरं नकोत, तोंडं इंजिनाकडे, खाली पेंढा. रस्ता सुमारे १४०० किलोमीटरचा आहे, तेव्हा पाणी पाजायला माणूस हवाच. ऐन मे महिन्यात आणू नका.

विक्रेत्याकडच्याच खुराकाची दोन-चार पोती मागवा आणि हळूहळू आपल्या खुराकावर आणा. तीन आठवडे वेगळी बांधा, तिची बादलीही वेगळी ठेवा. प्रवासाने दूध कमी होतं, म्हणून पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकांना वाढीव रतीब कबूल करू नका.