संरक्षण दलप्रमुखांविषयी लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षांच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास समोर येते: ‘सीडीएस हे तिन्ही सैन्यदलांचे सरसेनापती असून युद्धकाळात ते तिन्ही दलांना आदेश देतात.’ अक्षर सुवाच्य असते, व्याकरण निर्दोष असते आणि आशय जवळजवळ संपूर्ण चुकलेला असतो. चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, म्हणजेच संरक्षण दलप्रमुख, हे भारतातील सेवारत अधिकाऱ्यांमधील सर्वोच्च पद खरे. परंतु पद सर्वोच्च असले म्हणजे हुकूमही त्याच पदावरून सुटतो, हे गृहीतक या प्रकरणातील बहुतेक चुकांच्या मुळाशी आहे.

या गैरसमजाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. ‘सरसेनापती’ म्हटले की मराठी वाचकाला प्रतापराव गुजर आणि हंबीरराव मोहिते आठवतात. फौजेच्या अग्रभागी राहून प्रत्यक्ष रणात उतरणारा सेनानी डोळ्यांपुढे उभा राहतो. तो शब्द आजच्या पदाला लावला की त्याच्याबरोबर रणांगणावरचा अधिकारही नकळत चिकटतो. म्हणून ‘संरक्षण दलप्रमुख’ किंवा सरळ ‘सीडीएस’ लिहावे. सर्वोच्च सेनापतित्व घटनेच्या अनुच्छेद ५३(२) नुसार राष्ट्रपतींकडे आहे, हेही त्याच उत्तरात यायला हवे.

आता मुख्य चूक. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०१९ रोजी या पदाला मंजुरी दिली, तेव्हाच स्पष्ट केले होते की संरक्षण दलप्रमुख तिन्ही दलप्रमुखांवर किंवा अन्यत्र कोणतेही लष्करी आधिपत्य गाजवणार नाहीत, जेणेकरून राजकीय नेतृत्वाला त्यांच्याकडून निःपक्षपाती सल्ला मिळेल. कारण सरळ आहे: जो स्वतः फौज चालवतो, त्याला त्या फौजेच्या मागण्यांकडे तटस्थपणे पाहणे अवघड जाते. उदाहरणच घ्यायचे तर, पूर्व लडाखमधील एखादी ब्रिगेड पुढे हलवायची असल्यास आदेश लष्कर मुख्यालयातून उधमपूरच्या नॉर्दर्न कमांडकडे, तिथून लेहच्या चौदाव्या कोअरकडे आणि मग खाली, असा उतरत जातो. या शिडीत संरक्षण दलप्रमुखांची पायरीच नाही. मात्र याच्या उलट टोकाला जाऊन ‘त्यांच्याकडे कसलेच आधिपत्य नाही’ असेही ठोकून देऊ नये, कारण सायबर आणि अंतराळ या क्षेत्रांतील तिन्ही दलांच्या संयुक्त संस्था त्यांच्या अखत्यारीत ठेवण्यात आल्या आहेत. शिवाय जून २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी त्यांना तिन्ही दलांसाठी संयुक्त आदेश काढण्याचा अधिकार दिला. तोपर्यंत एकाहून अधिक दलांशी संबंधित विषयावर प्रत्येक दल आपापला आदेश स्वतंत्रपणे काढत असे.

मग हे पद नेमके करते काय? इथे विद्यार्थी ‘समन्वय साधणे’ एवढे दोन शब्द लिहून मोकळे होतात, आणि गुण नेमके तिथेच जातात. एकाच व्यक्तीच्या डोक्यावर तीन टोप्या आहेत, असे समजले की उत्तर सुटते. पहिली टोपी संरक्षणमंत्र्यांच्या प्रमुख लष्करी सल्लागाराची. पण हा सल्ला तिन्ही दलांना सामायिक असलेल्या विषयांपुरता आहे, केवळ आपल्या दलाच्या प्रश्नांवर त्या त्या दलाचे प्रमुख मंत्र्यांना पूर्वीप्रमाणेच थेट सल्ला देतात. दुसरी टोपी तिन्ही दलप्रमुखांच्या चीफ्स ऑफ स्टाफ कमिटीच्या कायमस्वरूपी अध्यक्षाची. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द गाळू नये. पूर्वी तिघांतील ज्येष्ठतम प्रमुख आपले दल सांभाळून हे अध्यक्षपद भूषवीत आणि अनेकदा काही महिन्यांतच निवृत्त होत, त्यामुळे दीर्घकालीन नियोजनाचा धागा कोणाच्याच हाती राहत नसे. तिसरी टोपी सर्वांत नवी आणि माझ्या मते सर्वांत वजनदार आहे: संरक्षण मंत्रालयातील लष्करी व्यवहार विभागाचे सचिवपद. गणवेशातील अधिकारी प्रथमच मंत्रालयाच्या आत, फाइलवर सही करण्याच्या जागी बसला. तरीही ते संरक्षण सचिवांचे वरिष्ठ झाले, असे लिहिणे चूक आहे. संरक्षण धोरण आणि भांडवली खरेदी (विमाने, जहाजे यांसारखी मोठी, दीर्घकाळ टिकणारी खरेदी) हे विषय संरक्षण सचिवांच्याच विभागाकडे राहिले, आणि दलांची इतर खरेदी लष्करी व्यवहार विभागाकडे आली.

हुद्द्याबाबतचा गोंधळ थोडक्यात मिटतो. संरक्षण दलप्रमुख चार ताऱ्यांचे अधिकारी असतात, वेतनही दलप्रमुखांइतकेच असते. म्हणजे ते समकक्षांमधील पहिले आहेत. पाच ताऱ्यांचा मान सॅम माणेकशॉ, के. एम. करिअप्पा आणि अर्जन सिंग या तिघांनाच मिळाला आणि तो हुद्दा होता, पद नव्हे. छायाचित्र ओळखायचे असेल तर खांद्याकडे पाहावे: मूळ दलाचाच गणवेश, पण खांद्यावर मरून पट्टी आणि तिच्यावर तलवारी, नांगर व गरुड एकत्र असलेले तिन्ही दलांचे संयुक्त चिन्ह.

परदेशी पदांशी तुलना करताना नावातील साम्याला भुलू नये. अमेरिकेतील जॉइंट चीफ्सचे, म्हणजे तिथल्या दलप्रमुखांच्या समितीचे, अध्यक्ष १९८६ च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षांचे प्रमुख लष्करी सल्लागार आहेत आणि त्यांच्याकडेही प्रत्यक्ष आधिपत्य नाही, म्हणून ते उदाहरण आपल्या व्यवस्थेला जवळचे. पाकिस्तानने नोव्हेंबर २०२५ मध्ये घटनादुरुस्ती करून निर्माण केलेले चीफ ऑफ डिफेन्स फोर्सेस हे पद मात्र लष्करप्रमुखाकडेच असते. आपल्या रचनेत जे कटाक्षाने टाळले, तेच तिथे पायाभूत आहे.

इतिहास लिहिताना २०१९ पासून सुरुवात करणे हीदेखील नेहमीची उणीव. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्येच या पदाची शिफारस केली होती, आणि लेफ्टनंट जनरल (निवृत्त) द. ब. शेकटकर यांच्या समितीनेही नंतर ती उचलून धरली. त्याचप्रमाणे, संयुक्त संस्थांच्या शिस्तीविषयीच्या २०२३ च्या कायद्याने थिएटर कमांड (एका क्षेत्रातील तिन्ही दलांच्या तुकड्या एकाच सेनानीच्या हाताखाली आणणारी रचना) स्थापन झाल्या, असे लिहू नये. संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला तिथे काम करणाऱ्या तिन्ही दलांच्या जवानांवर शिस्तभंगाची कारवाई करता यावी, एवढीच तरतूद त्याने केली.

शेवटी नावे आणि तारखा. पहिले संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी १ जानेवारी २०२० रोजी सूत्रे घेतली आणि ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळील हेलिकॉप्टर अपघातात त्यांचे निधन झाले. दुसरे जनरल अनिल चौहान ३० सप्टेंबर २०२२ रोजी रुजू झाले. लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याची ही नेमणूक शक्य व्हावी असा नियमबदल त्याच वर्षी जूनमध्ये झाला होता. मधल्या काळात पद रिकामे होते. त्या अवधीत पुण्याचे जनरल मनोज नरवणे यांनी चीफ्स ऑफ स्टाफ कमिटीचे अध्यक्षपद सांभाळले, म्हणून काही जण त्यांना मोठ्या आपुलकीने ‘पहिले मराठी सीडीएस’ करून टाकतात. ते लष्करप्रमुखच होते. तिघांत ज्येष्ठतम असल्याने जुन्या प्रथेनुसार अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, एवढेच.