परदेशात संसाराची घडी बसवताना

नोकरीतल्या बदल्यांमुळे आमचं बिऱ्हाड दोन मुलांसकट एका देशातून दुसऱ्या देशात हलत आलंय. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: घर लावायची घाई करू नका, आधी दिवस लावा. खोकी महिनाभर तशीच पडून राहिली तरी काही अडत नाही. पण मुलांची झोप, शाळा आणि घरी राहणाऱ्या जोडीदाराचा दिवस, यांची घडी बसली नाही की अख्खं घर कातावतं.

निघण्याआधीचं सगळ्यात मोठं काम कागदपत्रांचं. जन्मदाखले, विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले आणि लसीकरणाची नोंद हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सामानात नको. दाखल्यांवर अपोस्टिलचा शिक्का, म्हणजे दाखल्यावरची सही खरी असल्याची परदेशात चालणारी सरकारी खूण, लागेल का, हे आधीच विचारून घ्या. १९६१ च्या हेग करारातून आलेला हा शिक्का ज्या देशाने दाखला दिला त्याच देशात मिळतो, म्हणून हे काम निघण्याआधीच उरकायला हवं. तुम्ही जाणार तो देश या करारात नसेल, तर बहुधा त्याच्या वकिलातीकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही पाहा.

लसींच्या यादीत कंपनीचं नाव नको. कोणत्या रोगाची लस आणि कोणत्या तारखेला दिली, एवढं लिहा. औषधांचंही तसंच. ब्रँड देशागणिक बदलतात, आणि कधीकधी मूळ नावही बदलतं. पॅरासिटामॉलला अमेरिकेत असिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. घरात दमा किंवा ॲलर्जी असेल तर दोन्ही नावं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पोचल्यावर शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या वेगाने सरकतं, आणि पूर्वेकडे गेलात तर जास्त त्रास होतो. मुलं पहाटे तीनला टक्क जागी होतील. तेव्हा मोठे दिवे आणि स्क्रीन नको, मंद उजेडात गोष्ट सांगा. पश्चिमेकडून पूर्वेला आला असाल तर उन्हात केव्हा न्यायचं ते डॉक्टरांना विचारा, कारण चुकीच्या वेळेचा उजेड घड्याळ उलटं सरकवू शकतो. दुपारची झोप मात्र आटोपशीर ठेवा.

पहिल्याच आठवड्यात मुलांना घरचा पत्ता आणि आणीबाणीचा नंबर पाठ करून घ्या. युरोपीय संघात ११२ चालतो, अमेरिका-कॅनडात ९११. रस्ता ओलांडायचाही सराव हवा. वाहनं उलट्या बाजूने धावत असतील तर सवयीने मान आधी चुकीच्या बाजूला वळते, मोठ्यांचीसुद्धा.

आता शाळा. इथे आईवडिलांनी सगळ्यात जास्त धीर धरायचा असतो. नवी भाषा कानावर पडायला लागली की बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने, वर्गात तोंडच उघडत नाहीत. ती ऐकत असतात, साठवत असतात. त्यांना पाहुण्यांसमोर ‘बोलून दाखव’ म्हणू नका. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलंय की खेळण्या-बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणून पहिल्या वर्षीचे गुण बघून मुलाची हुशारी ठरवू नका, आणि घरात आपली भाषा तर मुळीच सोडू नका. त्या भाषेत जे समजतं तेच पुढे नव्या भाषेतही उपयोगी पडतं.

धाकटीला मी शाळेआधी त्या भाषेतली तीनच वाक्यं शिकवली होती: ‘मला कळलं नाही’, ‘मला बाथरूमला जायचंय’ आणि ‘मी पण खेळू?’ तिसरं वाक्य ती आरशासमोर उभं राहून, दप्तराचा पट्टा हाताने पिळत म्हणायची. मैदानावर तेच सगळ्यात जास्त कामी आलं.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते घरी राहणाऱ्या जोडीदाराबद्दल. घरभाड्याचा करार, बँकेचं खातं, विजेचं बिल यांवर पहिल्या दिवसापासून दोघांची नावं घाला. पुढे ग्रंथालय, फोन, दवाखाना असं कुठेही गेलं तरी स्वतःच्या नावाचा पत्त्याचा पुरावा मागतात. तो नसेल तर शिकलासवरलेला माणूस साध्या कामासाठीही दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून राहतो आणि आतून खचत जातो. खात्याचं कार्डही स्वतःचं हवं. व्हिसावर काम करायची परवानगी आहे का, हे निघण्याआधीच वाचा. आठवड्यातला एक वार भाषेच्या वर्गासाठी किंवा ग्रंथालयासाठी बांधून घ्या आणि त्या वेळी मुलं दुसऱ्याने सांभाळायची, हेही आधीच ठरवा.

मायदेशातल्या आजीआजोबांशी बोलायचा वार आणि वेळ पक्की ठेवा. युरोपातल्या बहुतेक देशांत मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मायदेशी तशी पद्धत नसेल तर फोनची वेळ तासाभराने सरकते. त्यांना आठवडाभर आधी सांगून ठेवा, म्हणजे ती फोनची वाट बघत ताटकळत बसणार नाहीत.