कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा तापमान सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०४२८ (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या तापमान सेन्सरचा) किंवा पी०५४६ (एक्झॉस्टच्या तापमान सेन्सरचा) असा कोड उमटला, की बहुतेक गॅरेजांत लगेच कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पोऱ्या पिटाळला जातो आणि तासाभरात नवा सेन्सर हजर होतो. वास्तविक ‘सेन्सर खराब आहे’ असे या कोडने म्हटलेलेच नसते. सेन्सरच्या सर्किटमधून येणारे व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त आहे, एवढीच ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या नियंत्रक संगणकाची, तक्रार असते. आणि त्या सर्किटमध्ये सेन्सरखेरीज कपलर (वायरींची जोडणी), दोन वायरी आणि स्वतः ईसीयू यांचाही समावेश असतो.

या उतावळेपणाचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. पावसाळ्यात हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून काढलेली एक डिझेल गाडी माझ्याकडे आली, तेव्हा पी०५४६ साठी तिचा सेन्सर दुसऱ्या गॅरेजमध्ये आधीच दोनदा बदलून झाला होता आणि ‘तुमच्या गाडीला लोकल माल चालत नाही’ असे मालकाला ऐकवण्यात आले होते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी इंजिन सुरू न करता, केवळ इग्निशन चालू करून मी स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरांचे त्या क्षणीचे आकडे, पाहिला. कूलंट २९ अंश, आत येणारी हवा ३० अंश, आणि गार पडलेल्या एक्झॉस्टचे तापमान मात्र ९०० अंशांच्या वर! या गाडीचा सेन्सर प्लॅटिनमचा, म्हणजे तापमानाबरोबर विजेचा रोध वाढणारा होता, आणि अशा सर्किटमध्ये कुठे वायर तुटली की ईसीयूला ते अतोनात तापमानच वाटते. कपलर सोडवून सेन्सरचा रोध मोजला, तर तो सुमारे २२० ओहम, म्हणजे खोलीच्या तापमानाला असावा तेवढाच भरला. कपलरच्या एका पिनेवर बॉडीच्या अर्थच्या तुलनेत ५ व्होल्ट मिळत होते; परंतु कपलरच्या दोन्ही पिनांमध्ये मल्टिमीटर लावला की शून्य दिसत होते. याचा अर्थ सिग्नलची वायर शाबूत होती आणि परतीची तुटलेली होती. वायरिंग चाचपत गेल्यावर गाडीखालच्या एका क्लॅम्पजवळ ती सापडली. वरचे आवरण अखंड होते, पण हलकेच ओढताच वायर लांबली आणि कापल्यावर आतून तांब्याची हिरवी भुकटी गळाली. वीतभर नवी वायर जोडून काम संपले. आधीचे दोन्ही सेन्सर चांगलेच असणार.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी गार गाडीचा लाइव्ह डेटा, मग कपलरच्या पिना, मग व्होल्टेज, आणि सेन्सर सर्वांत शेवटी. सेन्सरचा रोध मोजण्यापूर्वी तो कोणत्या प्रकारचा आहे हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पाहावे, कारण काही सेन्सरांचा रोध गार असताना किलोओहममध्ये असतो आणि तापमान वाढले की उतरतो. हा फरक ठाऊक नसलेला शिकाऊ कारागीर चांगला सेन्सर बिनदिक्कत भंगारात टाकतो.

पी०४२० हा कोड दिसल्यावर तापमानाचा सेन्सर शोधत बसू नये. तो कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेविषयीचा कोड असून ऑक्सिजन सेन्सरच्या संकेतांवरून नोंदवला जातो. पुष्कळ पेट्रोल गाड्यांना तर हा तापमान सेन्सर नसतोच. ईसीयू ते तापमान गणिताने काढतो.

बीएस-६ डिझेल गाड्यांत असे सेन्सर एकापेक्षा अधिक असतात. कोड नेमका कोणत्या जागेचा आहे, हे आकृतीत पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेमची, म्हणजे कोड उमटला त्या क्षणी ईसीयूने साठवलेल्या आकड्यांची, नोंद करावी. आधी पुसून मग विचार करणाऱ्यांना मी स्कॅनरला हात लावू देत नाही.

दाखवलेले तापमान खरेही असू शकते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. सिलिंडर मिसफायर होत असेल, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नसेल, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो खरोखरच भलता तापतो. अशा वेळी आधी प्लग आणि इग्निशन कॉइल तपासावी.

सेन्सरऐवजी रेझिस्टर जोडून दिवा घालवण्याच्या जुगाडाविषयी मात्र माझे मत कडक आहे. लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळणाऱ्या त्या तुकड्यामुळे तापमान कायम एकाच आकड्यावर खिळून राहते. इंजिन तासभर चालूनही एक्झॉस्ट तापत नाही, ही विसंगती ईसीयू अनेकदा पकडतो आणि दुसरा कोड नोंदवतो. पकडली नाही तर ते अधिक वाईट, कारण डिझेल गाडीत फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळून तो साफ करण्याची प्रक्रिया याच आकड्यांच्या भरवशावर चालते. फिल्टर तुंबला की वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट खर्च येतो, आणि तोवर रेझिस्टर लावणाऱ्याने फोन उचलणे बंद केलेले असते.

सेन्सर खरोखरच बदलायचा झाला, तर तापलेल्या एक्झॉस्टवर जोर लावू नये. गार झाल्यावर गंजरोधक तेल सोडून, वायर जाईल अशा खाचेच्या सॉकेटने तो सावकाश फिरवावा. नव्या सेन्सरच्या आट्यांना लावलेले ग्रीस टोकाला लागू देऊ नये, आणि वायर जुन्याच क्लॅम्पांतून न्यावी. एक्झॉस्टवर टेकलेली वायर वितळते आणि तोच कोड परत येतो.