स्किड प्लेट घ्यायच्या आधी एकदा गाडीखाली झोपून बघा

गेल्या हंगामात गाळप सुरू होऊन महिनाबी झाला नव्हता, करवीर तालुक्यातल्या एका पाणंदीत माझ्या गाडीचा चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, फुटला. आता पाणंद म्हणजे शेताला जायची कच्ची वाट, ती कशी असते ते आपल्याला सांगायला नको, उसाचे डबल ट्रेलर जाऊन जाऊन दोन्हीकडं गुडघाभर चाकोऱ्या पडलेल्या आणि मधी मातीचा उंचवटा, त्यात एक दगड पुरलेला होता आणि तो पोटाला लागला. वाईट ह्याचं वाटलं की गाडीला स्किड प्लेट, म्हणजे गाडीचं पोट दगडापासनं वाचवायचा पत्रा, बसवलेली होती! एका दुकानातनं नवीकोरी बसवून घेतली होती, काळी पावडर कोटिंगवाली, दिसायला एक नंबर. पण पत्रा 2 मिमीचा, आणि चेंबरला जवळजवळ चिकटूनच बसवलेला. दगड लागला, पत्रा वर दबला, आणि पत्र्यानंच चेंबर फोडला. सगळं ऑइल पाणंदीत गेलं.

तेव्हापासनं जो कोण विचारतोय त्याला मी एकच सांगतो, जाडी नंतर बघा, आधी प्लेट कशाला धरून उभी आहे आणि तिच्यावर मोकळी जागा किती आहे ते बघा.

सुरुवात दुकानात जाऊन करू नका, गाडीखाली जाऊन करा. रॅम्पवर नाहीतर खड्ड्यावर गाडी घ्या, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली अजिबात जायचं नाही, घोड्या लावायच्या. मग बॅटरी मारून बघा की आजपर्यंत कुठं कुठं खरवडलंय. ह्या खुणा म्हणजे तुमच्या रस्त्यांचा हिशोब आहे, जिथं खरवडलंय तिथंच प्लेट लागणार. कुणाचा पुढचा क्रॉस मेंबर (चॅसिसचा म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा आडवा दांडा) घासलेला असतो, कुणाचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा), कुणाची डिझेलची टाकी. जो फक्त पाणंदीनं शेताला जातो त्याला बहुतेक वेळा इंजिन आणि गिअरबॉक्सखाली चांगली प्लेट पुरते. जो आंबा घाट, गगनबावड्याकडच्या जांभ्या दगडाच्या वाटांनी फिरतो त्यानं ट्रान्सफर केस आणि टाकीचाबी विचार करायला पाहिजे. (पठारावर गवतात, फुलात गाडी घालू नका हे मात्र हात जोडून सांगतो, जी वाट आहे तिच्यावरनंच चालवा.)

गाडीची बनावटबी समजून घ्या. जिम्नीला पुढं मागं दोन्हीकडं सलग अ‍ॅक्सल आहे (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर), म्हणजे डिफरन्शियलचा, डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणाऱ्या गिअरचा, गोळा चाकांच्या मधी खाली लोंबतोय आणि दगड आधी त्यालाच भेटतोय. चॅसिसखाली कितीबी भारी प्लेट मारा, त्या गोळ्याला तिचा काही उपयोग नाही, त्याला वेगळा डिफ गार्डच लागतो. थारला पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे (प्रत्येक चाक आपापलं हलतं), सलग अ‍ॅक्सल फक्त मागं, तिथं पुढचा भाग प्लेटनं बराचसा झाकता येतो.

चेंबर कशाचा आहे तेबी बघा. पत्र्याचा असला तर मार लागून आत दबतो, वरनं किरकोळ वाटतंय पण आतला ऑइल ओढायचा पाइप अडला तर इंजिनला ऑइलच पोचत नाही. अल्युमिनियम कास्टिंगचा असला तर तो वाकत नाही, सरळ तडकतो, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाबी विचारा. माझा कास्टिंगचाच होता.

आता गॅप. प्लेट आणि चेंबरच्या मधी साधारण 20 ते 25 मिमी जागा पाहिजेच, बोटं सहज आत गेली पाहिजेत. कारण अख्ख्या गाडीचं वजन एका दगडावर आलं की चांगली प्लेटबी थोडी दबतेच, आणि इंजिनसुद्धा माउंटिंगवर हलत असतं. पण गॅप ठेवायच्या नादात प्लेट पुढच्या क्रॉस मेंबरच्या खाली उतरवू नका, थारचा ग्राउंड क्लिअरन्स 226 मिमी आणि जिम्नीचा 210, त्यातलेच मिलिमीटर तुम्ही घालवताय.

आणि प्लेट चॅसिसच्या रेल (लांब उभे दांडे) नाहीतर मजबूत क्रॉस मेंबरलाच धरलेली पाहिजे. रेडिएटरखालच्या पातळ पट्टीला, बंपरच्या ब्रॅकेटला, नाहीतर इंजिनला असलं काही धरलं असेल तर सरळ नको म्हणा. गाडी उचलायची वेळ आली तर ह्या प्लेटवर जॅक लावायचं धाडस होईल का, असं स्वतःला विचारायचं, उत्तर मिळतंय.

मग जाडी आणि माल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेटर गेजमधी (पत्र्याच्या जाडीच्या नंबरात) बोलतात, 10 गेज म्हणजे सव्वातीन मिमीच्या आसपास, 8 गेज म्हणजे 4 मिमी. 14 गेज म्हणजे 2 मिमी, ते चिखल अडवायला ठीक आहे, दगडाला नाही. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो, म्हणजे 3 चा 4 मिमी केला की दुपटीच्या वर ताठ होतो, म्हणून एवढ्या एका मिलिमीटरला कमी समजू नका. वजनाचं म्हणाल तर 800 बाय 600 मिमीची 4 मिमी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) प्लेट साधारण 15 किलो होते. तेवढीच 6 मिमी अल्युमिनियमची 8 किलोच्या आत बसते आणि ताठपणात बरोबरीला येते, हा फायदा खरा आहे. पण अल्युमिनियम मऊ असतं, दगडावरनं घसरायच्या ऐवजी खरवडत जातं, कधी दगडात रुततं, आणि जांभ्याला धार असते. लोखंड घसरतं. शिवाय लोखंडी प्लेट वाकली तर कुठल्याबी गावात घण मारून सरळ करता येते, वेल्डिंग होतं, अल्युमिनियमला टिग वेल्डिंगवाला शोधावा लागतो. म्हणून आपल्याकडच्या वापराला माझं मत एमएसच, 4 मिमी इंजिनखाली, मागच्या भागांना 3 चाललं. अल्युमिनियमच घ्यायचं असेल तर ग्रेड विचारा, 5052 चांगलं वळतं, 6061-टी6 ताकदीचं आहे पण बारीक बेंड दिला की बेंडवर तडा जातो.

उद्यमनगरात लेझर कटिंग, सीएनसी बेंडिंग सगळं होतंय त्यामुळं करून घेणं अवघड नाही, पण पुठ्ठ्याचा नमुना गाडीखाली लावून बघितल्याशिवाय पत्रा कापू देऊ नका. पुढची कड वर वळवलेली पाहिजे, बाजूच्या कडा पण वळवून घ्या, त्यानं ताठपणा येतो. दोन प्लेट असल्या तर पुढचीची मागची कड मागच्या प्लेटच्या खालनं यायला पाहिजे, छपरावर कौलं रचतात त्याच्यासारखं, म्हणजे पुढं जाताना दगड कडेला अडकत नाही. रिव्हर्सला मात्र तीच कड अडकू शकते म्हणून जोड जितका सपाट होईल तितका करा. बोल्ट 8.8 ग्रेडचे, एम10 असले तर उत्तम, आणि डोकी प्लेटच्या पातळीत बुडालेली पाहिजेत, नाहीतर दगडानं डोकी झिजली की प्लेट काढायला ग्राइंडर लागतो. अल्युमिनियमला लोखंडी बोल्ट लावला तर मधी प्लॅस्टिक वॉशर घाला, नाहीतर पावसाळ्यात तिथं पांढरी भुकटी धरून माल खाल्ला जातो.

ऑइलच्या ड्रेन प्लगखाली भोक आहे का बघा, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसिंगला 15 किलोचा पत्रा उतरवायला लागणार. हवा जायला आणि पाणी निघायलाबी भोकं पाहिजेत, काळी माती प्लेटवर साचून वाळली की विटेसारखी होते.

आणि हे एक सगळ्यांनी मनावर घ्या. उसाच्या पाणंदीत पाचट असतं, ते प्लेट आणि सायलेन्सरच्या मधी जाऊन बसतं. बीएस6 (प्रदूषणाच्या नियमातल्या) डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःला साफ करताना 600 डिग्रीच्या आसपास तापतो. वाळलेलं पाचट आणि एवढी उष्णता, गाडी पेटायला आणखी काय पाहिजे. त्यामुळं डीपीएफ किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) खाली बंद प्लेट करू नका, उघडी पट्ट्यांची करा, आणि पाणंदीतनं बाहेर आलं की इंजिन बंद करून, थंड झाल्यावर काठीनं पाचट काढा.

गाडी वॉरंटीत असेल तर चॅसिसला नवीन भोक पाडू देऊ नका, आधीच्या भोकांवर बसणारी प्लेटच घ्या.

बसवल्यावर पहिल्या खराब रस्त्यावरनं आला की सगळे बोल्ट परत एकदा आवळा. आणि एवढं करूनबी कधी खालनं मोठा आवाज आलाच आणि ऑइलचा लाल दिवा लागला, तर जागेवर इंजिन बंद करा, अजून अर्धा किलोमीटर गावापर्यंत नेतो असं म्हणू नका. मी त्या दिवशी लगेच बंद केली म्हणून चेंबरवर भागलं, इंजिन वाचलं.