मुलाला बस लावताना: शाळा उघडण्याआधीची तयारी

नाशिकच्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि बस लावायची धावपळ आदल्या आठवड्यात सुरू होते. फी किती, एसी आहे का, कॅमेरा बसवलाय का, एवढं विचारलं की पैसे भरून मोकळं व्हायचं, असंच बहुतेक घरांत होतं. पण मूल बसमध्ये आपल्या जागेवर बसलेलं असतं तेव्हा त्याला धोका सगळ्यात कमी असतो. खरा धोका बसच्या दारापासून सोसायटीच्या फाटकापर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांत असतो. म्हणून तयारीची सुरुवात गाडीच्या कागदांपासून नको, स्टॉपपासून करा.

शाळा सुरू होण्याच्या आदल्या रविवारी मुलाला घेऊन स्टॉपवर चालत जा. जमलं तर बसच्याच वेळेला जा, कारण सकाळी पावणेसातचा रस्ता आणि दुपारी दीडचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात. बस कुठल्या बाजूला थांबणार, दार कुठे उघडणार, तिथे पदपथ आहे की थेट डांबर, हातगाडी किंवा लावलेली चारचाकी आडवी येते का, हे जागेवर उभं राहून बघा. वळणावर, चौकाच्या तोंडाशी किंवा उताराच्या पायथ्याशी स्टॉप असेल तर तो पन्नास-शंभर पावलं पुढे-मागे सरकवून मागा. शाळेला आणि बसवाल्या काकांना हे शाळा उघडण्याआधीच सांगितलं तर जमतं. एकदा मार्ग ठरून वेळा बसल्या की कोणी ऐकत नाही. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने, म्हणजे इंदिरानगर, राणेनगर, लेखानगर, पाथर्डी फाटा या पट्ट्यात राहत असाल तर सर्व्हिस रोडवरचा स्टॉप जास्त नीट तपासा. तिथे दुचाक्या उलट्या दिशेने सर्रास येतात. मूल फक्त उजवीकडे बघायला शिकलेलं असेल तर ते तेवढं पुरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घ्यायला येणाऱ्याने बसच्या दाराच्याच बाजूला उभं राहायचं. आई किंवा आजोबा रस्त्याच्या पलीकडे उभे असले की मूल उतरल्या उतरल्या त्यांना बघतं आणि धावत सुटतं. त्या क्षणी त्याला गाड्या दिसत नाहीत, आपलं माणूस दिसतं. पलीकडून हाक मारणं, हात हलवणं तर मुळीच नको. आपल्याकडे स्कूल बस थांबली म्हणून मागची वाहतूक थांबत नाही. उलट बस थांबलीय म्हटल्यावर सगळे तिला ओलांडून पुढे जायच्या घाईत असतात. म्हणून बसच्या पुढून ओलांडायचं नाही आणि मागूनही नाही. पुढून गेलं तर लहान मूल चालकाच्या काचेच्या खाली राहतं, त्याला ते दिसतच नाही. मागून गेलं तर ओव्हरटेक करणाऱ्याला मूल अगदी शेवटच्या क्षणी दिसतं. उतरलं की दारापासून पाच मोठी पावलं बाजूला, मोठ्या माणसाचा हात धरायचा, बस निघून जाऊ द्यायची, रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा दिसला की मगच ओलांडायचं. यात अर्धा मिनिट जातो. तो द्या.

दुसरी गोष्ट डाव्या बाजूची. बस पदपथापासून हातभर दूर थांबली की त्या फटीतून दुचाकी घुसते आणि नेमकी उघड्या दारासमोर येते. म्हणून मदतनीस ताई किंवा दादांनी आधी खाली उतरायचं, मागे बघायचं आणि मगच मुलांना उतरवायचं. तुमच्या बसमध्ये हा क्रम पाळला जातो का, हे पहिल्या आठवड्यात स्वतः बघा. ताई आतूनच ‘चला चला, उतरा’ म्हणत असतील तर त्यांना शांतपणे, पण त्याच दिवशी सांगा.

तिसरी गोष्ट खाली पडलेल्या वस्तूची. उतरताना बाटली निसटते, पायरीवरून घरंगळत मागच्या चाकाकडे जाते आणि मूल वाकून ती काढायला जातं. वाकलेलं मूल कुठल्याच आरशात दिसत नाही. बाटली गेली तर जाऊ दे, हे घरी मोकळेपणाने सांगून ठेवा. वस्तू हरवली की आई रागावते, या भीतीनेच मुलं चाकाखाली हात घालतात. पडलं तर ताईंना सांगायचं, त्या चालकाला थांबवतील आणि काढून देतील, एवढं त्याच्याकडून तीन-चार वेळा वदवून घ्या.

दप्तराचं आता बघू. लोंबणारे पट्टे, कीचेनची लांब दोरी, गळ्यातल्या ओळखपत्राची सैल फीत, मोठ्या मुलींची ओढणी, सुटलेली बुटाची नाडी, या सगळ्या गोष्टी दारात किंवा कठड्यात अडकतात. बस हलल्यावर अडकलेला पट्टा मुलाला ओढत नेतो. जास्तीचा पट्टा दुमडून शिवून टाका, ओळखपत्राची फीत शर्टाच्या आत ठेवायला शिकवा. लहान वर्गांसाठी वेल्क्रोचे बूट घेतलेत तर उत्तम. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावं, म्हणजे वीस किलोच्या मुलाला दोन किलो. जड दप्तर पाठीवर असलं की पायरी चढताना मूल मागे झुकतं. चढताना एक हात कठड्यालाच हवा, त्यामुळे हातात वेगळी डब्याची पिशवी, छत्री आणि चार्टपेपर असं तिन्ही एकदम देऊ नका.

ओळखपत्राच्या मागे दोन फोन नंबर, रक्तगट, बसचा मार्ग क्रमांक आणि कुठली ॲलर्जी किंवा आजार असेल तर तो लिहा. घराचा पूर्ण पत्ता दर्शनी बाजूला नको. पहिली-दुसरीच्या मुलाला एक नंबर तोंडपाठ हवाच.

गाडी तपासायला फार तर पंधरा मिनिटं लागतात. नंबरची पाटी आधी बघा. भाड्याने मुलं नेणाऱ्या गाडीची पाटी पिवळी, त्यावर काळी अक्षरं; इलेक्ट्रिक असेल तर हिरवी पाटी, पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची व्हॅन म्हणजे खासगी गाडी. ती स्वस्त पडते, घरापर्यंत येते, हे मान्य. पण अपघात झाला तर भाड्याने चालवली म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते. तो वाचवलेला महिन्याचा हजार-पाचशे मग कुठल्याही हिशोबात बसत नाही. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की पासिंग, विमा आणि पीयूसी कुठल्या तारखेपर्यंत आहे ते दिसतं. तीनही तारखा वहीत लिहून ठेवा. वर्षाच्या मध्येच एखादी संपत असेल तर त्या महिन्यात पुन्हा बघा, कारण पासिंग संपून गाडी तशीच चालू राहते आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही.

मग आत चढा. खिडक्यांना आडवे गज आहेत का, दार आतून घट्ट लागतं का, आपत्कालीन दार प्रत्यक्ष उघडून दाखवा म्हणा. ‘आहे की’ असं म्हणतात, पण कडी गंजलेली असते किंवा समोर दप्तरांचा ढीग असतो. अग्निशामक नळकांडीवरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. प्रथमोपचार पेटी उघडून बघा; बहुतेक वेळा पेटी असते, आत कापूसही नसतो. व्हॅनमध्ये दोन सीटच्या मध्ये फळी टाकून मुलं बसवतात. ती फळी कशालाच बांधलेली नसते, जोरात ब्रेक लागला की फळीवरचं मूल थेट समोर फेकलं जातं. फळी दिसली तर ती गाडी लावू नका, यात तडजोड नको. मुलं बारा वर्षांखालची असतील तर आसनक्षमतेच्या दीडपटीपर्यंत बसवता येतात, त्याहून जास्त नाही. पण आपण मागणी करायची ती एका मुलाला एका पूर्ण जागेचीच.

स्कूल बसच्या चालकाला जड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, गाडीला वेगनियंत्रक हवा आणि मुली असतील तर महिला मदतनीस हवी. बदली चालक येणार असेल तर आदल्या दिवशी नाव आणि फोटो पालकांच्या ग्रुपवर यायला हवा, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

मूल कोणाच्या हाती द्यायचं, याची लेखी यादी करा. दोन किंवा तीन नावं, फोटोसह, एक प्रत शाळेत आणि एक मदतनीस ताईंकडे. यादीत नसलेला माणूस आला तर मूल द्यायचं नाही, मग तो सख्खा काका असो. फोनवरून ‘आज शेजारच्यांकडे सोडा’ असले निरोप ताईंनी घेऊ नयेत. बदल शाळेच्या कार्यालयामार्फतच व्हावा. आणि स्टॉपवर कोणीच आलं नाही तर? मूल उतरवायचं नाही, बसमध्येच ठेवायचं आणि फेरी संपल्यावर शाळेत परत न्यायचं. हे मुलालाही आधी सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरतं आणि ‘मी जाईन एकटा’ म्हणून उतरायला बघतं. चालकाला गाडी चालू असताना फोन करू नका. उशीर होत असेल तर फोन ताईंना करायचा. मूल येणार नसेल तर निरोप आदल्या रात्री टाका, म्हणजे बस स्टॉपवर उगाच खोळंबत नाही.

शेवटच्या स्टॉपनंतर कोणीतरी मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन प्रत्येक सीट, सीटखालची जागासुद्धा, बघायला हवी. बालवाडीचं मूल दुपारच्या उन्हात झोपतं आणि सीटवरून घसरून खाली जातं. दारातून नजर टाकली तर दिसत नाही. बंद गाडी नाशिकच्या एप्रिलमध्ये किती तापते ते सांगायला नको. ही तपासणी रोज कोण करतं, त्या माणसाचं नाव विचारा. ‘सगळेच बघतात’ असं उत्तर आलं तर कोणीच बघत नाही असं समजा.

मुलांनी बसमध्ये काय पाळायचं ते थोडक्यात: पाठ टेकून बसायचं, बस पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही, दप्तर मांडीवर किंवा सीटखाली, मधल्या वाटेत नाही. हात-डोकं खिडकीबाहेर नाही. चालत्या गाडीत खायचं नाही. खडबडीत रस्त्यावर शेंगदाणा किंवा गोळी घशात अडकू शकते. मोठ्या मुलाने लहान भावंडाची जबाबदारी घ्यावी, पण ताईंचं काम त्याच्या अंगावर टाकू नये.

आपल्याकडचे ऋतू आणि सण यादीत धरावेच लागतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठचे रस्ते बंद होतात आणि पंचवटीकडच्या बस मार्ग बदलतात. त्या दिवशीचा पर्यायी स्टॉप जूनमध्येच ठरवा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, पिवळा किंवा केशरी, कारण हात मोकळे राहतात आणि मूल लांबून दिसतं. डबकं दिसलं की बस पुढे घ्यायला सांगा. पाण्याखाली चेंबर उघडं असेल तर कळत नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबक रोडवर ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी असते, तेव्हा सातपूरकडच्या पालकांनी वेळ विचारून घ्यावी. २०२७ च्या सिंहस्थासाठीच्या कामांमुळे रस्ता खोदला गेला आणि बस नेहमीच्या जागी थांबू शकत नसेल, तर नवा स्टॉप पुन्हा चालत जाऊन बघा.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि नदीकाठी, ओझर-निफाडच्या बाजूला दाट धुकं असतं. दप्तरावर चमकणारी पट्टी शिवा. कानटोपी डोळ्यांवर येणारी नको आणि कान इतके झाकू नका की हॉर्न ऐकू येणार नाही. याच दिवसांत दिंडोरी आणि पिंपळगावच्या रस्त्यांवर द्राक्षं आणि कांद्याच्या ट्रॉल्या असतात, पुष्कळदा मागे दिवा नसलेल्या. धुक्यात बस दहा मिनिटं उशिरा आली तर चालकाला घाई करायला लावू नका. संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजा रस्त्यावर आडवा येतो. स्टॉपपर्यंत दुचाकीने सोडत असाल तर मुलाला पुढे उभं करू नका, गळ्याला मफलर गुंडाळा, आणि त्याला हेल्मेट घाला. बसची खिडकीही त्या दिवसांत अर्धीच उघडी असू द्या.

काही चुकतंय असं दिसलं तर ग्रुपवर आरडाओरडा करण्याऐवजी बसचा नंबर, तारीख, वेळ, स्टॉप आणि नेमकं काय घडलं ते लिहून मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. २०११ च्या राज्याच्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही तिच्यात असतो. तो कोण, हे जूनमध्येच विचारून घ्या. तिथे दाद लागली नाही तर पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात तोच कागद द्या. चालक दारू पिऊन आहे किंवा मूल बसमध्ये नाही असं कळलं तर कागदाची वाट बघायची नाही, थेट ११२ फिरवायचा. रुग्णवाहिकेसाठी १०८, मुलाला त्रास दिला गेल्याची शंका असेल तर १०९८. हे तीनही नंबर आज्जी-आजोबांच्या फोनमध्ये टाकून ठेवा, कारण दुपारी घरी तेच असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाटी, तारखा, नळकांडी आणि मूल देण्याची यादी एकदा पुन्हा बघा. तोवर एखादा चालक बदललेला असतो आणि निम्म्या घरांत फोन नंबरही.